वजन विचारता, लस विचारता, लेकराची झोप पण विचारा

पोस्ट मोठी आहे. घरात पाच वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तर ज्यांच्या घरी आहे त्यांना पाठवा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने आदेश काढला, पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका. कारण दिलं, मुलांची झोप पूर्ण होत नाही. त्याच्या आधी तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस जाहीर कार्यक्रमात हेच बोलले होते. आदेश आल्यावर आपल्याकडे काय झालं ते आठवत असेल. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळा म्हणाल्या जमत नाही, व्हॅनवाले म्हणाले फेऱ्यांचं गणित बिघडतं, कामावर जाणारे आईबाप म्हणाले मग लेकरांना सोडायचं कधी. काही दिवस सगळे बोलले आणि विषय थंड झाला.

आदेश बरोबर की चूक यात मी पडत नाही. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. लहान मुलाची झोप हा फक्त त्याच्या आईचा घरगुती प्रश्न नाही, सरकारनेही त्यात लक्ष घालायला पाहिजे, हे त्या आदेशाने कागदावर मान्य केलं. फक्त सुरुवात शाळेपासून केली. झोपेच्या सवयी त्याच्या कितीतरी आधी लागतात. आणि त्या वयात लेकराची गाठ मास्तरशी नसते, आशाताईशी असते.

जरा मोजून बघा. दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताई घरी येते, या झाल्या सहा भेटी. त्यानंतर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आणखी पाच. लसीसाठी ६, १० आणि १४ आठवड्यांना, मग नऊ महिन्यांनंतर, मग दीड वर्षाच्या आसपास, म्हणजे पाच वेळा आई स्वतः लेकरू घेऊन जाते. सोळा झाल्या. अंगणवाडीतलं महिन्याचं वजन वेगळं, आरोग्य तपासणीचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं ते वेगळं. कागदावरचं सगळं प्रत्यक्षात होत नाही हे मलाही माहीत आहे, वीस वर्षं हेच लिहितोय. पण अर्ध्या भेटी झाल्या असं धरलं तरी आठ वेळा कोणीतरी जाणतं माणूस त्या आईसमोर बसतं.

गेल्या दोन-तीन महिन्यांत बातमीच्या निमित्ताने मी उपकेंद्रांवरच्या लसीकरणाला चार वेळा जाऊन बसलो. सिस्टर वजन विचारतात, मागच्या लशीनंतर ताप आला होता का विचारतात, अंगावरचं दूध चालू आहे ना, वरचं खाणं सुरू केलं का विचारतात. सगळे चांगले प्रश्न. रात्री लेकरू झोपतं का, हे कोणी विचारलं नाही. त्या आयांनीही आपणहून सांगितलं नाही. मग बाहेर ओट्यावर बसलेल्या बायांना मीच विचारलं. आणि मंडळी, नळ फुटल्यासारखं झालं.

एक जण, बावीस-तेवीस वर्षांची असेल, लेकरू आठ महिन्यांचं. म्हणाली, "भाऊ, रात्रीतून सहा वेळा उठतंय. आत्याबाई म्हणतात तुझं दूध पुरत नाही." म्हणून घरात डब्याचं दूध सुरू झालंय. डबा किती दिवस जातो आणि नवऱ्याची हजेरी किती, हे तिने मला बोटांवर मोजून दाखवलं. लेकरू अजूनही सहा वेळाच उठतं. दुसरीचा नवरा एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला. तो सकाळी येऊन झोपतो तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीत लेकराने आवाज करायचा नाही, म्हणून ती त्याच्या हातात मोबाईल देते. रात्री अकराला लेकरू टक्क जागं. तिसरी हळूच म्हणाली, "आम्ही मेडिकलमधून सर्दीचं औषध आणून ठेवलंय. अर्धं झाकण दिलं की उठतच नाही."

लेकराला सर्दी होती का? नव्हती.

इथे थोडं थांबून बोलायला पाहिजे. सर्दीच्या बऱ्याच औषधांत क्लोरफेनिरामाइन असतं. त्याने गुंगी येते, म्हणून लेकरू झोपल्यासारखं दिसतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी कंपन्यांना सांगितलं, हे आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं बाटलीवर छापा. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर सगळा देश हादरला. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं आणि वीसहून जास्त लेकरं गेली. त्यातल्या कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणलं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावलं, दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याचं औषध लिहू नका आणि देऊ नका, पाच वर्षांखालीही शक्यतो टाळा. छिंदवाड्याची लेकरं खोकल्यासाठी औषध घेत होती, झोपेसाठी नाही, हे खरं. पण आपल्याकडे तीच बाटली झोपेसाठी कपाटात ठेवलेली असते, आणि ती देणाऱ्या आईला त्यात काय आहे हे कोणी सांगितलेलं नसतं.

त्या आईला शिव्या घालायला सोपं आहे. मी घालणार नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकराला अफू घातलेली बाळागोळी देऊन कामाला जायच्या, त्या काळच्या सरकारी अहवालांत याच्या नोंदी आहेत. दिवसभराची पाळी आणि लेकरू सांभाळायला कोणी नाही, मग बाई काय करणार? गोळी जाऊन झाकण आलं, मागचं कारण बरंचसं तेच राहिलं.

आपली बाळगुटी पण यात येते. सहाणेवर जायफळाचे किती वेढे द्यायचे हे पूर्वी घरातल्या म्हातारीला कळायचं आणि ती हाताने मोजूनच द्यायची. आता ती जाण असलेली म्हातारी घरात नाही, जायफळ मात्र आहे. "झोपत नाही ना, मग दोन वेढे जास्त द्या," असं शेजारीण सांगते. जायफळ जास्त झालं तर विषारी ठरतं. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, हे डॉक्टर घसा कोरडा करून सांगतात, पण "मग रडतंय त्याचं काय करू" या प्रश्नाला उत्तर देत नाहीत. उत्तर मिळालं नाही की आई गुटीकडे वळते, मेडिकलकडे वळते, नाहीतर मोबाईलकडे.

आता मूळ मुद्दा. लेकराने किती झोपावं? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेलं प्रमाण असं, दिवसाची झोप धरून: तीन महिन्यांपर्यंत १४ ते १७ तास, चार ते अकरा महिने १२ ते १६ तास, एक-दोन वर्षांचं असेल तर ११ ते १४, तीन-चार वर्षांचं असेल तर १० ते १३. आता आपल्या गल्लीतलं तीन वर्षांचं पोरगं आठवा. मालिका संपल्यावर, म्हणजे साडेदहा-अकराला झोपतं आणि अंगणवाडीसाठी किंवा नर्सरीच्या व्हॅनसाठी सातला उठवतात. हिशोब तुम्हीच करा. सतरा देश आणि प्रदेशांतल्या सुमारे २९ हजार लहान मुलांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली होती, त्यात भारतही होता. आशियातली मुलं उशिरा झोपतात आणि एकूण कमी झोपतात, असं त्यात दिसलं. म्हणजे हे फक्त आपल्या गावाचं नाही.

पण दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची. चार महिन्यांचं लेकरू रात्री दोन-तीनदा प्यायला उठलं तर तो आजार नाही. त्याचं पोट लहान आहे, ते उठणारच. ही एवढीशी गोष्ट पहिल्या दोन-तीन भेटींत आईला आणि मुख्य म्हणजे सासूला नीट सांगितली, तर कितीतरी घरांतला दुधाचा डबा वाचेल. आईचं दूध चालू राहील. वजनाच्या तक्त्यासाठी आरोग्य खातं एवढी धडपड करतं, त्या तक्त्यावरही याचा परिणाम दिसेल.

आणि काही लेकरं खरोखर आजारी असल्यामुळे झोपत नाहीत. रात्री अंग खाजतं, कारण घरात सगळ्यांना खरूज आहे. शी करायची जागा खाजते, कारण जंत आहेत. तोंड उघडं ठेवून घोरतं, मध्येच श्वास अडकतो, घामाघूम होतं, तर नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात, ते कानाच्या डॉक्टरला दाखवायलाच पाहिजे. घोरणारं लेकरू "गाढ झोपतं" असं आपल्याकडे कौतुकाने सांगतात, म्हणून मुद्दाम लिहितोय. कान दुखतो, दमा असतो. रक्तात लोह कमी असलं तरी मुलं रात्रभर पाय झाडतात, अस्वस्थ झोपतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची जवळपास ६९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. त्यांच्यासाठी लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा, एक-एक मिली द्यायची सरकारी योजना आहे. बाटली घरात येतेही. ती उघडली का, हे झोपेच्या निमित्ताने विचारता येईल.

दृष्ट काढा, मीठ-मोहरी ओवाळा, माझी काही हरकत नाही. माझ्या घरीही काढतात. फक्त ओवाळून झाल्यावर अंगाला हात लावून ताप बघा, कान बघा, अंगावर पुरळ आहे का बघा.

"हे असलं परदेशात चालतं, आपल्याकडे कोण करणार," असं एका डॉक्टर मित्राने मला ऐकवलं. परदेशाचंच सांगतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला हॅरिएट हिस्कॉक नावाच्या बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. सात महिन्यांच्या ज्या बाळांच्या झोपेची तक्रार होती, अशा ३२८ आया घेतल्या. काहींना नेहमीच्याच नर्सने, नेहमीच्याच केंद्रावर बसून झोपेबद्दल सल्ला दिला. मोठं हॉस्पिटल नाही, औषध नाही. काही महिन्यांत बाळांच्या झोपेच्या तक्रारी कमी झाल्या, आणि आयांची उदासीही कमी झाली. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासलं. तोवर फायदा उरला नव्हता, पण मुलांच्या मनावर किंवा आईशी नात्यावर वाईट परिणामही दिसला नाही. फायदा कायमचा नाही म्हणून कोणी नाक मुरडेल. ज्या आईने आठ महिने सलग तीन तास झोप घेतलेली नाही, तिला विचारा तेवढ्या फायद्याची किंमत.

तिथली पद्धत जशीच्या तशी उचलायची गरज नाही. लेकराला थोडा वेळ रडू द्या वगैरे सल्ले एका खोलीत सात माणसं झोपणाऱ्या घरात चालत नाहीत, शेजारचे दार वाजवतील. घ्यायचं ते एवढंच की हे काम नेहमीची नर्स नेहमीच्या भेटीत करू शकते.

आणि खेड्यातली बाई हे करू शकते का, या प्रश्नाचं उत्तर तर महाराष्ट्रानेच दिलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. घरी जाऊन नवजात बाळ तपासणं, जंतुसंसर्ग ओळखणं, उपचार करणं. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. आज देशभर आशाताई त्या सहा भेटी देतात त्याचं मूळ तिथे आहे. जी बाई बाळाचा श्वास मोजायला शिकली तिला झोपेचे चार प्रश्न अवघड जाणार नाहीत.

मग ती काय विचारेल? "रात्री कसं झोपतं? घोरतं का, खाजवतं का? झोपवायला काही पाजता का? आणि ताई, तुमची झोप होते का?" शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. रात्रीमागून रात्री जागलेली बाई रडकुंडीला आलेली असते, कधी कधी त्याच्या फार पुढे गेलेली असते, आणि घरातले म्हणतात आम्ही काय पोरं वाढवली नाहीत का. अशा बाईला टेलीमानसचा १४४१६ हा फुकटचा नंबर दिला, तिच्या नवऱ्याला बोलावून "रात्री एकदा तरी तुम्ही उठा" असं सिस्टरने पांढऱ्या कोटात सांगितलं, तर फरक पडतो. नवरे सिस्टरचं ऐकतात, बायकोचं ऐकतातच असं नाही.

बाकी सल्ला साधाच आहे. सकाळी रोज साधारण एकाच वेळी उठवा. संध्याकाळी उशिरा झोपू देऊ नका. रात्री एकच क्रम ठेवा: अंग पुसणं, कपडे बदलणं, दूध, दिवा बारीक, अंगाई. क्रम रोजचा झाला की लेकराला कळतं आता झोपायचं आहे. झोपायच्या आधी तासभर मोबाईल-टीव्ही बंद. तसंही आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांखाली पडदा नकोच म्हणते. तान्ह्या बाळाला पाठीवर झोपवा, मोहरीची उशी, जाड गोधडी तोंडाजवळ नको. झोळीत मान छातीला टेकलेली नाही ना बघा. आणि दारू प्यालेला माणूस बाळाच्या अंथरुणात नको. हे शेवटचं आशाताईने सगळ्यांसमोर बोलणं अवघड आहे, पण तिच्याशिवाय दुसरं कोण बोलणार?

आता कोणी म्हणेल, आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक काम? बरोबर आहे. तीन ते पंधरा महिन्यांच्या त्या एका भेटीचे तिला ५० रुपये ठरलेत. मानधनासाठी २०२३ च्या शेवटी आणि २०२४ च्या सुरुवातीला त्या संपावर होत्या, आझाद मैदानात बसल्या होत्या. म्हणून नवीन रजिस्टर नको, नवीन ॲप तर अजिबात नको. भेट होतेच आहे, बोलणं होतंच आहे, त्यात हे चार प्रश्न आणि अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण, ते पण भत्त्यासकट. आणि पुढे पाठवलेलं लेकरू प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरने बघितलं पाहिजे. आशाने चिठ्ठी द्यायची आणि तिथे डॉक्टर नाही, असं झालं तर लोक दुसऱ्यांदा तिचं ऐकणार नाहीत.

सगळं सल्ल्याने सुटत नाही. आपल्या भागातून ऊसतोडीला जाणारी बाई पहाटे अंधारात फडात उतरते. लेकरू कोपीत झोपलेलं असतं नाहीतर फडाच्या बांधावर. तिला "रात्री दिवा बारीक करून अंगाई म्हणा" सांगणं म्हणजे थट्टा झाली. तिला कारखान्यावर पाळणाघर पाहिजे. शेतीपंपाला रात्रीची लाईट देता, मग बाप रात्री पाणी द्यायला जातो आणि अख्खं घर जागतं. आणि डीजे? रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद, हा नियम २००० सालापासून आहे. लग्नसराईत तो आपल्या गावात कोणाला आठवतो? तान्ह्या बाळाची आई पोलिसांत फोन करत नाही, कारण वरात भाऊबंदांचीच असते. तरी चार प्रश्न विचारले गेले आणि उत्तरं वर गेली, तर निदान कळेल की कुठे सल्ला पुरेल आणि कुठे पाळणाघर लागेल.

मी सोमवारी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना निवेदन दिलंय. मागण्या तीन. एक, लसीकरणाच्या दिवशी आणि आशांच्या घरभेटीत झोपेचे प्रश्न विचारा, सुरुवातीला दोन उपकेंद्रांवर करून बघा. दोन, तालुक्यातल्या मेडिकल दुकानांत पाच वर्षांखालच्या मुलांसाठी चिठ्ठीशिवाय सर्दी-खोकल्याचं औषध मिळणार नाही अशी पाटी लावा. तीन, ग्राम आरोग्य, पोषण समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. साहेब म्हणाले, वरून काही आदेश नाही, पण दोन उपकेंद्रांचं बघतो. बैठक या महिन्याच्या शेवटी आहे. ज्यांच्या घरी लहान लेकरू आहे त्यांनी समितीतल्या आपल्या सदस्याला आधी गाठा, बाया असतील तर बायांनीच गाठा. काय उत्तर येतं ते इथेच टाकतो.